मीटरची लाइट लुकलुकते, नेमकं बघायचं काय?

गेल्या अंकात विचारलं होतं की पावसाळ्यात गाडीला इलेक्ट्रिकचा काय त्रास होत असेल तर लिहून पाठवा. पत्रं आली, व्हॉट्सॲप आले, आणि बहुतेक सगळ्यांचं एकच, मीटरवरच्या लाइटी लुकलुकतात. आपल्या भागात हे व्हायचंच. जांबोटी, कणकुंबीकडं पाऊस लागला की आठ-आठ दिवस बॉनेटच्या आतलं काही वाळत नाही, आणि रस्त्यांचं तर तुम्हाला सांगायला नको. ओल तांब्याला खाते आणि हादरे नट सैल करतात, बाकी वायरिंगचं कामच मुळात या दोघांशी झगडायचं आहे. उद्यमबागेत इतकी वर्षं हेच काम करताना मी जे शिकलो ते इथं सांगतो. सगळी पत्रं छापता येत नाहीत म्हणून एकसारखी एकत्र केली आहेत. पुढच्या वेळी लिहिताना एवढं जरूर लिहा, की लाइट लुकलुकते ती कधी. खड्ड्यात, सिग्नलला उभं असताना, वळणावर, का एसी लावल्यावर. गाडीचं मॉडेल कळलं नाही तरी चालेल खरं हे कळायला पाहिजे.

प्रश्न (एक शिक्षक, खानापूर तालुका): नमस्कार काका, माझी पेट्रोल गाडी आहे, २०१४ ची, केए २२ पासिंग. रोज खानापूर ते जांबोटी जाणं-येणं. गेले पंधरा दिवस रात्री हेडलाइट लावली की मीटरची लाइट लुकलुकते, खड्ड्यातनं गेलं की एकदम विझते आणि परत येते, मधेच एबीएसचं आणि स्टेअरिंगचं चिन्ह पण पेटतंय. गाडी चालते मात्र बरोबर. बॅटरी आठ महिन्यांमागं नवी घातली. एका ठिकाणी दाखवली तर मीटर बदला म्हणाले, चौदा हजार सांगितले. दुसरा म्हणतो डायनामो गेलाय. काय होऊलालंय कळेना. मीटर बदलू का?

उत्तर: सर, मीटर बदलू नका. आत्ता तर अजिबात नको.

तुम्ही पत्रात एक ओळ सहज लिहून गेलाय खरं सगळं उत्तर त्याच ओळीत आहे. मीटरच्या लाइटीबरोबर एबीएसचं आणि स्टेअरिंगचं चिन्ह पेटतं म्हणालात. एबीएसचं (जोरात ब्रेक मारला तरी चाकं जाम होऊ न देणारं) युनिट वेगळं, पॉवर स्टेअरिंगचं वेगळं, दोन्ही मीटरच्या बाहेर असतात आणि आपल्याकडं येणारा व्होल्टेज सारखा मोजत असतात, तो ठरलेल्या हद्दीखाली गेला की दिवा पेटवतात. म्हणजे तिघांची तक्रार एकच, करंट नीट पोचत नाही. गल्लीत तीन घरांची लाइट एकदम गेली तर आपण आपल्या घरातला बल्ब बदलत बसत नाही, खांबाकडं बघतो. तसंच इथं.

आज रात्री एक करा. गाडी भिंतीसमोर उभी करा, इंजिन चालू, हेडलाइट चालू, हँडब्रेक ओढलेला, आणि कुणाला तरी बॉनेट हातानं थोडं दाबून हलवायला सांगा. भिंतीवरचा उजेड आणि मीटरची लाइट दोन्ही एकदम थरथरली तर दोष बॅटरी, अर्थ (करंट बॉडीतनं परत बॅटरीकडं नेणारी वायर) नाही तर अल्टरनेटर (आपण सगळे ज्याला डायनामो म्हणतो, चालू इंजिनावर बॅटरी चार्ज करणारा) या बाजूला. भिंतीवरचा उजेड ठाम आणि फक्त मीटर लुकलुकतंय तर मग मीटर, त्याचा मागचा कनेक्टर नाही तर लाइट कमी-जास्त करायचा डिमर. चौदा हजाराचा निकाल पाच मिनिटांत लागतो.

माझा अंदाज पहिलाच आहे, आणि बॅटरी नवी आहे म्हणूनच आहे. नवी बॅटरी घालताना टर्मिनल, म्हणजे बॅटरीच्या खांबावरचा वायरीचा क्लॅम्प, नीट आवळलं नसेल असं फार वेळा निघतं. इंजिन बंद करून किल्ली काढा आणि दोन्ही टर्मिनल हातानं पिळून बघा. हातानं जराही फिरलं तर ते सैलच. काही बॅटरींचे खांब बारीक असतात, काहींचे जाड, आणि जाड खांबाचा क्लॅम्प बारीक खांबावर कितीही आवळला तरी नीट बसत नाही. मग लोक त्यात वायरीचा तुकडा, पत्र्याची चकती, कुणी कुणी तर खिळासुद्धा ठोकून बसवतात. असलं करू नका, खांबाचं शिसं मऊ असतं, ते फाटतं आणि बॅटरी वाया जाते. बारीक खांबावर चढवायची टोपी बॅटरीवाल्याकडं मिळते, ती घाला.

टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशीसारखी पूड जमली असेल तर ती साफ करायची. दहाचा पाना बहुतेक गाड्यांना लागतो. आधी निगेटिव्ह काढा, मग पॉझिटिव्ह, आणि बसवताना निगेटिव्ह सगळ्यात शेवटी. याला कारण आहे, निगेटिव्ह जोडलेलं असताना पॉझिटिव्हवरचा पाना बॉडीला टेकला तर सरळ शॉर्ट होतो, ठिणगी उडते आणि बॅटरीच्या तोंडाशी हायड्रोजन गॅस असू शकतो. हातातली अंगठी, कडं काढून ठेवा. गरम पाण्यात खायचा सोडा घालून ते पाणी टर्मिनलवर ओता, फेस येतो, फेस यायचा थांबला की साध्या पाण्यानं धुवा, बॅटरीची झाकणं बंद आहेत ना तेवढं बघा, सोड्याचं पाणी आत जाता कामा नये. वाळल्यावर पॉलिश पेपरनं आतली बाजू चकचकीत करून घट्ट आवळा आणि वरनं व्हॅसलीन लावा. व्हॅसलीन आवळल्यानंतर लावायचं, आधी नाही.

एवढ्यानं थांबलं तर बरंच, नाही तर मग अर्थची वायर. आणि सर, इथं मी थोडं जास्त लिहिणार आहे, कारण आपल्या भागात या एका वायरीपायी लोकांचे हजारो रुपये फुकट गेलेले मी डोळ्यानं बघितलेत.

कणकुंबीकडची एक पिकअप माझ्याकडं आली होती, दुधाचे कॅन घेऊन रोज पहाटे निघणारी. लाइटी लुकलुकायच्या, कधी सेल मारला की नुसतं टक्क व्हायचं. एका वर्षात दोन बॅटऱ्या बदललेल्या, अल्टरनेटर खोलून ब्रश घातलेले. बैलहोंगलकडच्या एका मेस्त्रीनं बघून ‘बॅटरी होगैती री’, म्हणजे बॅटरी गेली, म्हणून सांगितलेलं, ते ऐकून तिसरी बॅटरी घ्यायला मालक बेळगावला आला होता. मी बॅटरीला हातच लावला नाही. गिअरबॉक्सवरनं बॉडीकडं जाणारी अर्थची वायर बघितली, वरनं अगदी चांगली, काळं कव्हर शाबूत, नट घट्ट. हातात धरून वाकवली तर आत पापड मोडल्यासारखा चुरचुर आवाज आला. ब्लेडनं कव्हर उभं चिरलं तर आत तांबं नव्हतंच जवळजवळ, हिरवी पूड, बोटाला लागून आली, आणि सगळ्या तारांतल्या पाच-सहा तारा तेवढ्या जिवंत. सगळ्या गाडीचा करंट त्या पाच-सहा तारांतनं परत यायचा प्रयत्न करत होता. मालक म्हणाला की ॲक्सिलरेटरची केबल पण गरम लागते, ते खरंच होतं, मुख्य वाट बंद झाली की सेल मारताना करंट कुठल्याही लोखंडातनं, केबलीतनं वाट काढतो आणि ती तापते. वेल्डिंगच्या केबलीचा हातभर तुकडा घेतला, दोन्ही टोकांना तांब्याचे लग (नटाखाली आवळायची भोकाची टोकं) प्रेसनं दाबून बसवले, बॉडीवरची जागा रंग खरवडून पत्रा दिसेपर्यंत घासली आणि आवळली. बॅटरी जुनीच राहिली आणि ती गाडी त्याच बॅटरीवर पुढचा सगळा पावसाळा चालली.

म्हणून तुमच्याकडचं मोजून बघा. साधा डिजिटल मल्टीमीटर खडे बाजारात इलेक्ट्रॉनिकच्या दुकानात काही शेकड्यांत मिळतो, गाडीवाल्याच्या घरात तो असावा असं मला मनापासून वाटतं. डीसी वीस व्होल्टवर ठेवा. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी सकाळी सेल मारायच्या आधी मोजा, १२.६ च्या आसपास असेल तर पूर्ण भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली म्हणजे उतरलेली. सेल मारताना ९.६ च्या खाली गेली तर बॅटरीवर संशय घ्या. इंजिन चालू झाल्यावर १३.८ ते १४.५ यायला पाहिजे. आता अर्थ मोजायचा. इंजिन चालू, हेडलाइट, ब्लोअर चालू. मल्टीमीटरची काळी वायर बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, क्लॅम्पवर नव्हे तर मधल्या शिशाच्या खांबावर, आणि लाल वायर इंजिनच्या उघड्या धातूवर. आकडा ०.२ च्या आत यायला पाहिजे. अर्धा व्होल्ट आला तर अर्थ खराब, यात दुमत नाही. मग लाल वायर बॉडीच्या उघड्या पत्र्यावर टेकवून परत तेच. इंजिन ते बॅटरी चांगलं आणि बॉडी ते बॅटरी खराब असं निघालं तर कुठली वायर बदलायची ते आपोआप कळलं.

हे सगळं बरोबर निघालं आणि तरी फक्त मीटरच लुकलुकत राहिलं, तरीसुद्धा नवा मीटर ही शेवटची गोष्ट. मागचा कनेक्टर काढून परत बसवला की कितीतरी मीटर सुधारतात, आणि आतल्या सर्किटवरचा सोल्डर तडकलेला असेल तर चांगला कारागीर तो परत करून देतो. बदलायचाच झाला तर जुन्या मीटरवरचा किलोमीटरचा आकडा फोटो काढून बिलावर लिहून घ्या, गाडी विकताना ते लागतं.

प्रश्न (एक डॉक्टर, निपाणी): एसी चालू असताना सिग्नलला किंवा टोलला थांबले की मीटरची आणि बाहेरची दोन्ही लाइट मंद होते आणि भराभर थरथरते. थोडी रेस दिली की ठीक. सकाळी पहिल्यांदा चालू केली की चिरकल्यासारखा आवाज येतो दोन-तीन सेकंद. गाडी सात वर्षांची आहे.

उत्तर: ताई, तुमचं वर्णन इतकं नेमकं आहे की अर्धं काम झालंय. रेस दिल्यावर सुधारतं म्हणजे इंजिन हळू फिरताना अल्टरनेटर पुरत नाही. सकाळचा तो चिरकणारा आवाज अल्टरनेटर फिरवणाऱ्या पट्ट्याचा. इंजिन बंद करून पट्टा बघा, आतल्या बाजूच्या उभ्या रेघांवर आडव्या भेगा पडल्या असतील किंवा कडा तेलकट असेल तर पट्टा बदला, आणि टेन्शनर (पट्टा ताणून धरणारी पुली) पण हातासरशी फिरवून बघायला सांगा, तो खरखरला तर नवा पट्टा घालून उपयोग नाही.

पट्टा नवा घालूनही भराभर थरथरणं राहिलं तर अल्टरनेटरच्या आतला डायोड गेलेला असू शकतो. अल्टरनेटर मुळात एसी करंट (उलटसुलट वाहणारा, गाडीतल्या गार हवेच्या एसीशी याचा संबंध नाही) तयार करतो, डायोड त्याचा एकाच दिशेचा डीसी करतात, आणि एक जरी गेला तर करंटमध्ये लाटा राहतात, त्या लाटा तुम्हाला लाइटीत थरथर म्हणून दिसतात. हल्ली मीटरमध्ये एलईडी असतात, जुना पिवळा बल्ब तापलेला असल्यामुळं तेवढी थरथर लपवायचा, एलईडी काही लपवत नाही. तपासायला सोपं आहे, मल्टीमीटर एसी व्होल्टवर ठेवून चालू इंजिनला बॅटरीच्या दोन खांबांवर लावा, अर्ध्या व्होल्टच्या वर दाखवला तर डायोडचं बघायला सांगा. बहुतेक अल्टरनेटर खोलून डायोडची प्लेट आणि ब्रश बदलता येतात, सरळ नवाच घ्या म्हणणाऱ्याला एकदा कारण विचारा.

एक मात्र सांगतो, जाग्यावर उभं असताना स्टेअरिंग पूर्ण वळवलं आणि लाइट क्षणभर किंचित मंद झाली तर ती खराबी नव्हे. इलेक्ट्रिक स्टेअरिंगची मोटर त्या क्षणाला खूप करंट ओढते. आणि गाडी २०२० नंतरची असणाऱ्यांनी १३.८ च्या खाली आकडा बघून लगेच घाबरू नये, त्यातल्या बऱ्याच गाड्यांत कंप्युटर ठरवतो कधी किती चार्ज करायचं, त्यामुळं आकडा खाली-वर होतो.

प्रश्न (संकेश्वरहून): काका, माझ्या डिझेल गाडीचं पण लुकलुकतंय खरं बाकी लाइटी नाहीत, एकच लाल लाइट, तेलाच्या किटलीचं चित्र. कोल्हापूरला जाऊन आलो, घरासमोर आयडलिंगवर ठेवली की लुकलुक, रेस दिली की बंद. मित्र म्हणतो वायर लूज असंल, सावकाश बघू.

उत्तर: सावकाश नाही. हे उत्तर वाचेपर्यंत गाडी चालवत असाल तर थांबवा.

वरच्या दोन पत्रांतली लुकलुक वेगळी आणि ही वेगळी. लाल किटली म्हणजे इंजिनच्या ऑइलचं प्रेशर, आणि गरम इंजिन, हळू फिरतंय, लाइट लुकलुकते, रेस दिली की जाते, हे प्रेशर कमी पडायचंच लक्षण आहे. वायर लूज असूही शकते, खरं ते सिद्ध होईपर्यंत प्रेशर कमी आहे असंच धरायचं, कारण चुकलं तर इंजिन बसतं. गाडी सपाट जागेवर उभी करा, इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबा, डिपस्टिक काढून पुसा, परत घाला आणि मग बघा. खालच्या खुणेखाली असेल तर मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या ग्रेडचं ऑइल घाला आणि ते गेलं कुठं हे शोधा. ऑइल बरोबर असूनही लाइट येत असेल तर गाडी चालवत नेऊ नका, ओढून न्या आणि मेस्त्रीला प्रेशर स्विच काढून त्या जागी प्रेशर गेज लावून मोजायला सांगा. नुसता स्विच बदलून लाइट बंद करणं म्हणजे मोजणं नव्हे.

यातच अजून एक सांगून ठेवतो. पिवळं इंजिनचं चिन्ह नुसतं पेटून राहिलं तर गाडी सावकाश गॅरेजपर्यंत नेता येते, पण ते चिन्ह स्वतःच लुकलुक करायला लागलं तर इंजिन मिस होतंय, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नाही, न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरकडं चाललंय आणि तिथला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर साफ करणारा भाग) त्यानं जळतो. तो भाग फार महाग असतो. स्पीड कमी करा, ओढाताण करू नका, लवकर दाखवा.

प्रश्न (टिळकवाडीहून एक वाचक): चोर्ला घाटातनं गोव्याला जाताना प्रत्येक वळणावर ब्रेकचा लाल दिवा लुकलुकतो, सरळ रस्त्यावर नाही. हँडब्रेक पूर्ण खाली आहे, दोनदा बघितलं.

उत्तर: वळणावर म्हणालात तिथंच कळलं. ब्रेक ऑइलच्या डबीत एक तरंगणारा स्विच असतो, ऑइल कमी झालं की वळणावर ते एका बाजूला सरकतं, तो तरंगता स्विच खाली जातो आणि दिवा लागतो. डबी बॉनेटखाली ड्रायव्हरच्या बाजूला, पांढरट प्लास्टिकची, तिच्यावर खालची-वरची खूण असते.

नुसतं ऑइल भरून दिवा घालवू नका. ब्रेक पॅड झिजले की पिस्टन पुढं सरकतात आणि डबीतलं ऑइल तेवढं खाली जातं, म्हणजे हा दिवा पॅड संपत आल्याचं सांगत असू शकतो. पॅड जाड आहेत आणि तरी ऑइल कमी, मग कुठंतरी गळतंय, चाकांच्या आतल्या बाजूला ओल शोधायची. झाकणावर डॉट ३ का डॉट ४ लिहिलेलं असतं, तेच घाला. हे ऑइल हवेतली ओल शोषतं, म्हणून दोन वर्षांनी पूर्ण बदलायचं, आपल्याकडच्या पावसात तर नक्कीच. आणि घाट उतरताना सेकंड-थर्डवर उतरा हो, ब्रेकवर पाय ठेवून उतरणारे रोज दिसतात, ब्रेक तापला की ऑइलमधल्या त्या ओलीची वाफ होते आणि पेडल सरळ खाली जातं.

प्रश्न (येळ्ळूरचा एक तरुण): दादा, गणपतीच्या आधी गाडीत ॲम्प आणि बारा इंची वूफर बसवला. आता बास वाजला की मीटरच्या लाइटी तालावर नाचतात, हेडलाइट पण. बसवणाऱ्यानं कॅपॅसिटर घे म्हणून सांगितलंय.

उत्तर: कॅपॅसिटर आत्ता घेऊ नकोस. आधी हिशेब बघ. तुझा ॲम्प खरोखर ५०० वॉट घेत असेल तर १२ व्होल्टवर चाळीस अँपिअरच्या वर करंट लागतो. छोट्या गाडीच्या अल्टरनेटरवर पाटी असते, साधारण ६० ते ९० अँपिअर, आणि ते पूर्ण वेगाला, उभ्या गाडीला त्यातला बराच कमी मिळतो. त्यातच हेडलाइट, ब्लोअर, इंजिनची स्वतःची गरज. बास दणकला की व्होल्टेज खाली येणारच. कॅपॅसिटर क्षणभराचं भरून काढतो, नसलेला करंट तयार करत नाही.

मला त्याहून जास्त काळजी बसवणाऱ्यानं वायर कुठनं घेतली याची आहे. मीटरमागच्या किंवा स्टिरिओच्या बारीक वायरीला कात्री लावून जोडली असेल तर आज काढून टाक, त्या वायरी तापतात आणि कव्हर वितळतं. ॲम्पची जाड वायर सरळ बॅटरीच्या पॉझिटिव्हवरनं पाहिजे, आणि बॅटरीपासून वीतभर अंतरात फ्यूज पाहिजे. फ्यूज ॲम्पजवळ लावून उपयोग नाही, मधेच वायर पत्र्याला घासून शॉर्ट झाली तर आग तिथंच लागते. अर्थची वायर तेवढ्याच जाडीची, रंग खरवडून बॉडीच्या पत्र्याला. हे करून बघ, नाचणं बरंच कमी होईल. उरलेलं व्हॉल्यूमनं कमी होतं, आणि मिरवणुकीत उभ्या गाडीवर तासन् तास वाजवलंस तर बॅटरी उतरणार हे धरून चाल.

प्रश्न (शहापूरचे एक मेस्त्री): आपलं लिखाण वाचतो. मी तीस वर्षं हेच काम करतोय. डायनामो चार्ज करतो का हे बघायला आम्ही चालू गाडीचं एक टर्मिनल काढतो, गाडी बंद पडली तर डायनामो खराब, चालू राहिली तर चांगला. आमच्या वस्तादांनी असंच शिकवलं. तुम्ही मागं लिहिलं की हे करू नका, का ते सांगितलं नाही.

उत्तर: मेस्त्री, कारण द्यायला पाहिजे होतं, आज देतो.

तुमच्या वस्तादांनी चुकीचं शिकवलं नव्हतं. जुन्या जीपा, जुन्या अँबॅसेडर, त्यात खरा जुन्या पद्धतीचा डायनामो आणि त्याचं चार्जिंग सांभाळणारी कटाउटची डबी, बाकी गाडीत दिवे, हॉर्न आणि कॉइल, जळण्यासारखं काही नाजूक नव्हतंच. मी पण तसंच शिकलो आणि तसंच करत होतो. आताच्या गाडीत अल्टरनेटर चार्ज करत असताना बॅटरी एकदम बाजूला काढली की तो करंट जायला जागा राहत नाही आणि व्होल्टेज क्षणात उसळतो, चौदावरनं कित्येक पट वर, व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर सावरेपर्यंत तेवढा वेळ पुरतो. बॅटरी ही नुसती साठवणीची टाकी नाही, असले धक्के तीच गिळते. तिला काढलं की धक्का सरळ इंजिनच्या कंप्युटरला, एबीएसला, मीटरला आणि अल्टरनेटरच्याच डायोडला. कधी काही होत नाही, दहा गाड्या सुटतात, आणि अकराव्या गाडीचा ईसीएम (इंजिनचा कंप्युटर) जातो. तो कुणाच्या डोक्यावर येणार? तुमच्याच. मजुरी मिळणार दोनशे आणि भरून द्यायला लागणार वीस-तीस हजार.

आणि त्या परीक्षेनं कळतं तरी काय? गाडी चालू राहिली म्हणजे अल्टरनेटर थोडा तरी करंट देतोय. एक डायोड गेलेला अल्टरनेटर पण गाडी चालू ठेवतो. तेच मल्टीमीटर बॅटरीवर लावला, आयडलिंगला आकडा बघितला, हेडलाइट-ब्लोअर लावून परत बघितला, मग मल्टीमीटर एसी व्होल्टवर ठेवून थरथर बघितली, की दोन मिनिटांत जास्त कळतं आणि काही जळत नाही. तुमच्या हाताखाली पोरं शिकत असतील, त्यांना पहिल्या दिवसापासून मल्टीमीटर हातात द्या. तुमच्या कानाला इंजिनचा आवाज ऐकून जे कळतं ते त्यांना शिकायला वर्षं लागतील, तोपर्यंत निदान आकडा तरी खरा सांगेल.

प्रश्न (चिकोडी तालुका): आमचं घर उसाच्या रानाला लागून. गाडी गोठ्याशेजारी असते. परवापासून मीटर लुकलुकतंय, बॉनेट उघडलं तर वायरीचं कव्हर कुरतडलेलं आणि बॅटरीच्या मागं चिपाडं. उंदीरच. चिकटपट्टी गुंडाळून चालंल का? आणि परत येऊ नयेत म्हणून काय?

उत्तर: ऊस तोडला की रानातले उंदीर घराकडं सरकतात आणि नुकत्याच बंद केलेल्या इंजिनाइतकी उबदार जागा त्यांना दुसरी नाही. चिकटपट्टी नको. आतली तार अर्धी तुटलेली असेल तर पट्टीखाली ती तशीच राहते, पाऊस लागला की हिरवी पडते आणि दोन महिन्यांनी हाच त्रास परत, तेव्हा दिसणार पण नाही कुठं आहे. कुरतडलेला तुकडा कापून, त्याच जाडीची वायर सोल्डर करून, वरनं गरम केल्यावर आवळणारी नळी चढवून घ्या. दोन बारीक वायरी एकमेकींना पीळ घालून गेलेल्या दिसल्या तर त्या गाडीच्या कंप्युटरांच्या आपसातल्या संदेशाच्या असतात, त्यांचा पीळ सोडवून सरळ जोडायला देऊ नका, परत पिळूनच जोडायच्या.

तुमच्याकडं बरेच जण बॉनेटमध्ये तंबाखूची पानं ठेवतात, निपाणीच्या बाजूला तर ती सहज मिळतात. वास ताजा असेपर्यंत थोडा उपयोग होतो हे खरं, पण वाळकं पान सायलेन्सरच्या मॅनिफोल्डजवळ (इंजिनाला जोडलेल्या तापट नळ्यांजवळ) गेलं तर पेट घेतं, म्हणून मी तरी ठेवू देत नाही. त्यापेक्षा गाडी गोठ्यापासून, पेंडीच्या पोत्यांपासून लांब लावा, रात्री बॉनेट थोडं उघडं ठेवता आलं तर ठेवा, ऊब निघून जाते आणि उजेड येतो. चार दिवसांनी एकदा बॉनेट उघडून चिपाडं, कागद, पालापाचोळा काढत जा, काचेखालच्या जाळीत पाला साठून पाणी तुंबलेलं असेल तर ते पण, तिथलं पाणी आत फ्यूज बॉक्सकडं उतरतं. आणि आज गाडीला सेल मारायच्या आधी बॅटरीचं निगेटिव्ह सोडा, मेस्त्री येऊन सगळी वायर बघेपर्यंत ते जोडू नका, सोललेली वायर पत्र्याला टेकलेली असेल तर किल्ली न फिरवताही ती तापू शकते.